कर्नालची कल्पना आणि शनिवारची संध्याकाळ

नमस्कार मंडळी. आज कार्यक्रम सातचा ठेवला म्हणून दोन-तीन जणांनी फोन केला, काहून इतका उशीर सर, पोट्ट्यांच्या परीक्षा तोंडावर आहेत. कारण आहे, शेवटी सांगतो.

पहिले मला सांगा, 2022 चा गुढीपाडवा कोणाकोणाला आठवतो? हां, बरेच हात वर आले. शनिवार होता, आठ वाजायचे होते, आणि आभाळातून जळत्या ठिणग्यांची एक रांग हळूहळू सरकत गेली, अख्ख्या विदर्भानं पाहिली. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान पडलं. मग बातमी आली की सिंदेवाहीकडे लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग पडली, रॉकेटचा वापरून झालेला भाग होता तो. आमच्या गल्लीतले पोट्टे गच्चीवर उड्या मारून राहिले होते, टाळ्या वाजवून राहिले होते, त्यांची काहीच चूक नाही, दिसायला सुंदरच होतं ते. पण माझे हात काही उठले नाहीत. कारण 1 फेब्रुवारी 2003 ला, शनिवारच होता तोही, टेक्सासच्या लोकांनी सकाळी अंगणात उभं राहून अशीच रांग पाहिली होती, आणि त्या रांगेत सात माणसं होती. त्यातली एक आपली कल्पना चावला.

आपली म्हणतो खरं, पण पहिला हक्क कर्नालचा. टागोर बाल निकेतनमधली मुलगी, तिथून चंदीगडला एरोनॉटिकल इंजिनियरिंग, मग टेक्सास, मग कोलोरॅडोत पीएचडी, 1997 मध्ये पहिलं उड्डाण. मला सगळ्यात जास्त भावतं ते हे की ती शाळेला विसरली नाही, 1998 पासून त्या शाळेतली दोन मुलं दरवर्षी नासाच्या समर प्रोग्रामला जायला लागली. त्या शनिवारी संध्याकाळीही शाळेत पोरं जमली होती, कल्पनादीदी उतरणार म्हणून.

तिच्या नावानं पुष्कळ झालं. मेटसॅट उपग्रहाचं नाव चारच दिवसांत कल्पना-1 झालं, कर्नालला मेडिकल कॉलेज आहे, कुरुक्षेत्राला तारांगण आहे. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण माझं ठाम मत आहे की ती का गेली हे पोरांना पूर्ण सांगितलं नाही तर तो सन्मान अर्धा राहतो. आपण सांगतो, "यान जळालं", आणि पुढे सरकतो. काहून जळालं?

तर ऐका. 16 जानेवारीला तिचं यान कोलंबिया उडालं, 82 व्या सेकंदाच्या आसपास बाहेरच्या मोठ्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला, जेमतेम पाऊण किलोचा, आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला. फोम म्हणजे हलकाच, पण वेग ताशी आठशे किलोमीटरच्या वर. दुसऱ्या दिवशी व्हिडिओत तो आपटताना दिसला. इंजिनियरांनी मागणी केली की कक्षेतल्या यानाचे फोटो काढा, पंख तपासू द्या. नासाच्या वरच्या साहेबांनी ते होऊ दिलं नाही, फोम तर दरवेळी पडतो, काही होत नाही, अशी सवय झाली होती. आणि वर ही सात माणसं दोन शिफ्टमध्ये चोवीस तास काम करत होती, ऐंशीच्या वर प्रयोग. परतताना दीड हजार अंशांच्या वरची गरम हवा फोमनं पाडलेल्या भोकातून पंखात शिरली आणि आतून वितळवत गेली. उतरायला 16 मिनिटं उरली होती. नंतर जुलैत, टेस्ट म्हणून तसाच फोम तशाच पॅनलवर मारून पाहिला तर जवळपास 40 सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

आणि एक गाव सांगतो, हेम्फिल, पूर्व टेक्सासमधलं, पाइनच्या जंगलातलं. आपल्याकडे पेंच, ताडोबात फॉरेस्टवाले वाघ मोजायला लाइन धरून चालतात ना, तसे लोक यानाचे तुकडे शोधत खांद्याला खांदा लावून काट्यांतून, चिखलातून चालले. सगळे मिळून 25,000 च्या वर माणसं त्या शोधात होती, गावच्या बाया त्यांच्यासाठी स्वयंपाक करायच्या. 84,000 च्या आसपास तुकडे सापडले, तरी यानाचा फक्त 38 टक्के भाग. त्याच जंगलात एका उतारावर डेटा रेकॉर्डरची पेटी मिळाली, टेप शाबूत, आणि पंख आतून कधी, कुठून तापत गेला ते त्यावरूनच कळलं. त्यातलं कोणीही कर्नाल पाहिलेलं नव्हतं. पण आपल्या माणसांसाठी जे कर्नालनं केलं असतं ते हेम्फिलनं केलं.

आता घड्याळ पाहा, 7 वाजून 27 मिनिटं. ह्यूस्टनच्या नासा नियंत्रण कक्षाचा यानाशी संपर्क तुटला तेव्हा आपल्याकडे 7 वाजून 29 मिनिटं झाली होती, म्हणून सातचा कार्यक्रम. तेवढी ट्यूबलाइट बंद कर रे बाळा. मी नावं घेतो, गावासकट घेतो, तुम्ही फक्त उभे राहा.

रिक हसबंड, अमरिलो. विल्यम मॅककूल, लबक. मायकल अँडरसन, स्पोकेन. डेव्हिड ब्राउन, आर्लिंग्टन. लॉरेल क्लार्क, रेसीन. इलान रामोन, बीरशेबा. कल्पना चावला, कर्नाल.

आणि तुकडे शोधताना हेलिकॉप्टर पडून गेलेले दोघं, ज्यूल्स मियर आणि चार्ल्स क्रेनेक.