कपाटाची किल्ली

(बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या मराठी साहित्य संमेलनातलं भाषण. बोललेलं थोडं आवरून इथं दिलं आहे.)

सकाळी ग्रंथदिंडी निघाली तेव्हा मी मुद्दाम मागं राहिलो. पालखीत ग्रंथ, पुढं लेझीम, डोईवर तुळस घेतलेल्या बाया. डोळे निवतात हे बघून. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, आपल्या भागात गावोगावी संमेलनं भरतात, आणि दिंडीला कधी माणसं कमी पडत नाहीत. पालखी शाळेच्या फाटकापुढनं गेली आणि मी आत शिरलो. ऑफिसात लोखंडी कपाट, काचेआड पुस्तकं, कपाटाला कुलूप. किल्ली कुठाय विचारलं तर चारजण एकमेकांकडं बघायला लागले.

गुरुजींनी रागावू नये. मी तीस वर्षं तेच केलं. पुस्तक हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरला तुटीचा शेरा, आणि भरपाई आपल्या खिशातनं. कुलूप लावलेलं बरं.

आज मला बोलायचंय ते अमेरिकेत शाळांतल्या पुस्तकांवर झालेल्या कायद्यांबद्दल. संयोजक म्हणाले, “सर, आपल्या गावाला त्याचं काय?” सांगतो. माझी भाची तिकडं असते. तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते खरं वाटलं नव्हतं.

फ्लोरिडा राज्यात २०२३ साली कायदा झाला. शाळेच्या ग्रंथालयातल्या एखाद्या पुस्तकात लैंगिक वर्णन आहे अशी हरकत पालकानं किंवा तिथल्या कुठल्याही रहिवाशानं घेतली, की शाळेच्या पाच दिवसांच्या आत ते पुस्तक काढून ठेवायचं. निकाल लागेपर्यंत पोरांना द्यायचं नाही. म्हणजे शिक्षा आधी, चौकशी मागनं. एस्कॅम्बिया नावाच्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, तपासणीसाठी सोळाशेहून जास्त पुस्तकं बाजूला काढली, त्यात शब्दकोशसुद्धा होते. शब्दकोश! त्यात ‘तसले’ शब्द अर्थासकट दिलेले असतात ना.

आयोवा राज्यातही त्याच वर्षी शाळेतल्या लैंगिक वर्णनाच्या पुस्तकांविरुद्ध कायदा झाला. धर्मग्रंथांना त्यातनं सूट. ही सूट का द्यावी लागली, ते ज्यांनी आपली पुराणं नीट वाचलीत त्यांना सांगायला नको. टेक्सासनं तर वेगळीच तऱ्हा काढली. शाळांना पुस्तकं विकणाऱ्या दुकानदारांनीच प्रत्येक पुस्तक तपासून त्यात लैंगिक मजकूर कितपत आहे ते ठरवायचं. आता तुम्ही खडेबाजारातल्या पुस्तकवाल्याला सांगून बघा, की विकायच्या आधी सगळी पुस्तकं वाच आणि शिक्के मार. दुकान बंद करून तो शेतावर जाईल.

तिथले दुकानदार कोर्टात गेले. ऑस्टिन आणि ह्यूस्टन शहरांतली दोन पुस्तकांची दुकानं त्यात पुढं होती. जानेवारी २०२४ मध्ये अपील कोर्टानंही त्यांच्या बाजूनं कौल दिला.

पण मला कोर्टापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त लागली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्रानं २०२१-२२ या शालेय वर्षातल्या हजारावर हरकती मिळवून तपासल्या. त्यातल्या ६० टक्के हरकती किती माणसांनी घेतल्या असतील? अकरा. एवढा मोठा देश, त्यातली अकरा माणसं! बाकीचे आईबाप वाईट नव्हते की भित्रे नव्हते. ते घरात होते. शाळेच्या बैठकीला कोण जातो? ज्याला राग आलाय तो. ज्याचं पोरगं सुखानं वाचतंय तो कशाला जाईल?

पुढं हे घरातले लोक बैठकांना यायला लागले. आया आल्या, ग्रंथपाल आले, दहावी-बारावीची पोरं माइकपुढं उभी राहून बोलली. फ्लोरिडाच्या सरकारला २०२४ मध्ये आपलाच कायदा थोडा आवरावा लागला. ज्यांचं मूल तिथल्या शाळेत नाही, त्यांना आता महिन्याला एकच हरकत.

आपलं पोर काय वाचतं याची काळजी आईबापाला असणारच, तो त्यांचा हक्क आहे. पहिलीच्या पोराला बारावीचं पुस्तक देऊ नये, हेही खरं. पण माझ्या पोराला नको म्हणून शेजारच्या पोरीलाही नको, हे कुणी ठरवलं?

आता माझी गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही, पुस्तकाचंही नाही. एका दलित लेखकाचं आत्मकथन होतं. गावातले एक वजनदार गृहस्थ आले, एक पान उघडून माझ्या टेबलावर आपटलं. “ह्या शिव्या पोरांनी वाचायच्या व्हय?” मी वाद घातला नाही. ते गेल्यावर पुस्तक उचललं आणि ट्रंकेत टाकलं. कायदा नव्हता, सर्क्युलर नव्हतं, लेखी तक्रारसुद्धा नव्हती. आठवडाभरानं सातवीतली एक पोरगी आली. म्हणाली, “सर, ते पुस्तक माझं अर्धं ऱ्हायलंय.” मी तिला सांगितलं, हरवलं. ती ज्या वस्तीतली होती, त्याच जगण्याचं ते पुस्तक होतं. रिटायर झालो त्या दिवशी ते ट्रंकेतच होतं.

फ्लोरिडाला मी हसायचं कसं?

आपल्याकडचा कायदा तर उलट आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. त्याच कायद्यानं शाळेच्या समितीत, म्हणजे आपल्या एसडीएमसीत, तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका ठेवल्यात. कायदे बदलतात, हेही ध्यानात ठेवा. कर्नाटकातल्या पाठ्यपुस्तकांचं काय झालं ते बघितलंत ना? २०२२ मध्ये एका सरकारनं धडे बदलले, २०२३ मध्ये दुसऱ्यानं ते परत फिरवले. वर्गातलं पुस्तक बेंगळुरूत ठरतं. कपाटातलं अजून तरी गावात ठरतं. मराठी शाळेतल्या पोराला तर मराठी गोष्ट तिथंच मिळाली तर मिळाली. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतनं शिक्षणाची सोय सांगितलीय, पण कपाट उघडायला कलम येत नाही.

परवा एक आजोबा म्हणाले, “सर, कशाला त्रास घेता, पोरं मोबाईलच बघूलेत की!” बघूलेत, खरंय. मोबाईलला कुलूप नसतं, आजोबा.

तर माझं मागणं एवढंच. एसडीएमसीच्या येत्या बैठकीत एक ठराव आणा. पुस्तकाबद्दल तक्रार असेल तर ती लेखी हवी, सहीसकट. समितीतल्या तिघांनी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय निर्णय नाही, आणि तोवर पुस्तक कपाटातच राहील. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे गुरुजींच्या खिशातनं नकोत, गावानं वर्गणी काढावी. दिंडीच्या फेट्यांना काढतो, तशीच. आणि किल्ली सातवीच्या पोरींकडं द्या. उद्या कुणी तसला कायदा आणायचं म्हणालाच, तर त्याच्यासमोर बोलायला ह्याच पोरी उभ्या राहतील.

बैठकीला हात वर करायला माणसं लागतील. सकाळी पालखीमागं दोन-अडीचशे तरी होती. त्यातली पंधरा आली तरी चालेल. मी येतोय. ते ट्रंकेतलं पुस्तक नवं विकत घेतलंय, तेही आणतो.