पहिला मॉड्युलर सिंथ: खर्च कुठे करायचा, कुठे थांबायचं

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल एका केसमध्ये बसवून केबलनी जोडायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. ही ८४ एचपीची रिकामी केस. एचपी हे रुंदीचं माप: एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर जागा. ही जागा पहिल्याच खरेदीत भरायची नाही. बजेट कमी असेल तर आधी एकच आवाज पूर्ण उभा करायचा आणि उरलेली जागा मोकळी ठेवायची.

एका आवाजाला काय लागतं? कीबोर्डचा संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारं मिडी-टू-सीव्ही, एक ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), एक फिल्टर (त्याचा पोत बदलणारा), एक एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा), एक एलएफओ (संथ लहरी देणारा ऑसिलेटर) आणि दोन व्हीसीए (व्होल्टेजने सिग्नल कमी-जास्त करणारे). व्हीसीए दोन का? पहिला एन्व्हलपच्या हुकमानुसार आवाज उघडतो आणि मिटतो. दुसरा एलएफओची हालचाल हळूहळू वाढवतो किंवा कमी करतो. हा दुसरा नसेल तर व्हायब्रॅटो, म्हणजे सुराची थरथर, एक तर सतत चालू, नाहीतर बंद. नवखे लोक हौसेने दुसरा ऑसिलेटर घेतात. त्याच पैशांत दुसरा व्हीसीए घेतलेला बरा.

हीच जुळणी आधी व्हीसीव्ही रॅक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. आठवडाभर वाजवा. ज्या मॉड्यूलला एकदाही केबल लागली नाही, ते यादीतून काढा.

आता वीजपुरवठा. इथे काटकसर करू नका. प्रत्येक मॉड्यूल अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टवर किती मिलिॲम्पिअर घेतं, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या करा. सप्लाय ५०० मिलिॲम्पिअरचा असेल, तर बेरीज ४०० च्या आत ठेवा, कारण काही मॉड्यूल, विशेषतः डिजिटल, चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात. केसची खोलीही मोजा: उथळ केसमध्ये खोल मॉड्यूल बसत नाही, आणि हे बहुधा पार्सल उघडल्यावरच कळतं.

मॉड्यूलला वीज देणारी ही रिबन केबल जवळून पाहा. काठावरची लाल रेघ म्हणजे उणे १२ व्होल्टची बाजू. मॉड्यूलच्या सर्किट बोर्डवरही तशी खूण असते. दहा पिनांची केबल उलटी बसली तर अधिक आणि उणे १२ व्होल्टची अदलाबदल होते, आणि संरक्षक डायोड नसेल तर आतली आयसी जळते. म्हणून केबल लावताना वीज बंद, दोन्ही टोकं तपासायची, मगच स्वीच.

पैसे वाचवायची जागा म्हणजे पॅसिव्ह अ‍ॅटेन्युएटर. सिग्नल लहान करणारा हा साधा जोड: दोन ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक आणि १०० किलोओहमचा एक लिनिअर पॉट (फिरवून बदलायचा रोध), बस्स. इनपुट जॅकची टिप (सिग्नलचा संपर्क) पॉटच्या एका टोकाला, मधली पिन आउटपुटच्या टिपला, दुसरं टोक आणि दोन्ही जॅकची स्लीव्ह (बाहेरचा संपर्क) ग्राउंडला. वीज लागत नाही. मात्र यातून सुराचं व्होल्टेज नेऊ नका. पॉट मध्यावर असताना त्याचा आउटपुट रोध सुमारे २५ किलोओहम होतो; पुढच्या मॉड्यूलचा इनपुट १०० किलोओहमचा असेल, तर उरलेल्या व्होल्टेजचा पाचवा हिस्साही तिथेच जातो. सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबात एक शतांश व्होल्ट म्हणजे १२ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), आणि एवढा बेसूरपणा कानाला कळतो. एकच सूर अनेक ऑसिलेटरना पोचवायचा असेल, तर त्याच कारणासाठी बफर्ड मल्टिपल, म्हणजे व्होल्टेज न घटवता सिग्नलच्या प्रती देणारं मॉड्यूल, लागतं. एन्व्हलप आणि एलएफओला साधं पॅसिव्ह चालतं.

रिकाम्या जागेवर १२८.५ मिलिमीटर उंचीच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावा. आत स्क्रू पडला तर शॉर्ट होतो.

शेवटी आवाज बाहेर काढणं. मॉड्युलर सिग्नल शिखर ते शिखर १० व्होल्टच्या आसपास असतो, व्यावसायिक लाइन पातळी (स्टुडिओ उपकरणांची नेहमीची) साडेतीनच्या. वेगळं आउटपुट मॉड्यूल परवडत नसेल तर तोच अ‍ॅटेन्युएटर १० किलोओहमचा पॉट घालून बनवा. सुरुवातीला पूर्ण खाली ठेवा, ऑडिओ इंटरफेसचा गेनही किमान ठेवा, आणि मग हेडफोन कानाला लावा.