पडद्यापलीकडचे एक मिनिट

भातकापणी उरकली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत बायकांना थोडी उसंत मिळते, म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे हे तपासणी शिबिर सुगीनंतर ठेवले आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने आलेल्या पहिल्या बसमधून उतरलेल्या स्त्रियांच्या हातात आशाताईंनी दिलेल्या चिठ्ठ्या आहेत. सगळ्यांचे वय 30 ते 65 या दरम्यानचे आहे आणि बहुतेकींना काहीही त्रास होत नाही. तपासणी करायची ती याच टप्प्यावर.

संमतिपत्र कन्नडमध्ये छापलेले आहे. परिचारिका त्यातले प्रत्येक वाक्य मराठीत सांगते, मग विचारते, कळले का, आणि मान डोलावण्यावर समाधान न मानता बाईकडून ते पुन्हा वदवून घेते. "आक्का, पिशवीचं तोंड नुसतं बघणार, पिशवी काढणार न्हाई," हे वाक्य तिला सकाळपासून कितीदा तरी उच्चारावे लागले आहे. प्रत्यक्ष तपासणीपेक्षा या बोलण्याला अधिक वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा.

ट्रेमध्ये निर्जंतुक केलेला स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावे म्हणून योनीमार्ग उघडा धरणारे उपकरण), कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि 3 ते 5 टक्के तीव्रतेचे ॲसेटिक ॲसिड आहे. खोलीभर पसरलेला आंबूस वास व्हिनेगरचा वाटतो, तो यामुळेच. पडद्यापलीकडे आम्ही या माहितीपटाचा कॅमेरा नेला नाही. आता दिसते आहे ते शिकवण्यासाठी वापरले जाणारे मोठे चित्र. गर्भाशयमुखावर बाहेरचे चपट्या पेशींचे आवरण आणि आतले उभ्या पेशींचे आवरण जिथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर पेशी सतत बदलत असतात, आणि एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला तर बिघाड बहुधा तिथेच सुरू होतो. सीमेवर घडामोडी अधिक असतात, हे या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ॲसिडचा बोळा त्या भागावर लावून परिचारिका घड्याळाकडे पाहते आणि पूर्ण एक मिनिट थांबते. निरोगी आवरण गुलाबीच राहते. बिघडलेल्या पेशींचा भाग मात्र दाट पांढरा पडतो आणि त्याची कड ठळक उठून दिसते. प्रत्येक पांढरा डाग कर्करोग नसतो, सौम्य बदल अनेकदा आपोआप ओसरतात, आणि पन्नाशीनंतर ही सीमा आत सरकत असल्याने तपासणी तितकीशी उपयोगी ठरत नाही. एचपीव्ही चाचणी हिच्यापेक्षा अचूक आहे. तरीही मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच साधी तपासणी करून घेतली, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

आज एका बाईच्या तपासणीत पांढरा भाग आढळला. तो संपूर्ण दिसतो आहे, आतल्या नळीत शिरलेला नाही, गर्भाशयमुखाच्या तीन-चतुर्थांशाहून कमी आहे आणि कर्करोगाची शंका नाही, याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर उपचार आजच होऊ शकतो. हातात मावेल एवढ्या यंत्राचे टोक सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्या भागावर 20 ते 30 सेकंद टेकवतात, आणि बिघडलेल्या पेशी जळून जातात. सहसा भूल लागत नाही. ओटीपोटात कळ येते, ती थोड्या वेळाने निवळते. डाग मोठा असेल किंवा आत गेलेला असेल तर विजेच्या तारेच्या फासाने तो भाग कापून काढावा लागतो आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागते.

बाई बाहेर येऊन पायऱ्यांवर चपला शोधते. तिच्या कार्डावर वर्षभरानंतरच्या तपासणीची तारीख आहे. कार्डाच्या पाठीमागे परिचारिकेने पेनाने मराठीत लिहिले आहे की काही दिवस अंगावरून पाण्यासारखे जाईल, चार आठवडे संबंध टाळावा, आणि ताप आला किंवा रक्त जास्त गेले तर लगेच यावे. ती ते तिथेच उभी राहून ओठ हलवत वाचते, कार्ड पिशवीत ठेवते आणि दुपारच्या बसकडे निघते.