प्लेटलेट चांगल्या आहेत, तरी रक्त का थांबत नाही?

नमस्कार मंडळी. डेंग्यूच्या साथींनी आपल्या खानापूर-निपाणी-चिकोडी पट्ट्यात प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचवला आहे. अंगावर काळानिळा डाग दिसला की लोक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेतात आणि आकडा दीड लाखाच्या वर आला की निर्धास्त होतात. परंतु रक्त गोठण्याचे निम्मे काम प्लाझ्मातील, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातील, घटक करतात आणि ते सीबीसीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी पीटी व एपीटीटी या, प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या, तपासण्या वेगळ्या सांगाव्या लागतात.

समजा, सत्तरीतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर, कुठेही आपटलेले नसताना, तळहाताएवढा जांभळा डाग पडला आहे. पूर्वी दाढ काढली तेव्हा रक्त वेळेवर थांबले होते, घराण्यातही असा त्रास कुणाला नाही. म्हणजे हा दोष जन्माचा नव्हे, नव्याने जडलेला आहे. अशा वेळी मी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो, कारण हृदयासाठी चालू असलेल्या वॉरफरीन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला कुणीतरी परस्पर अँटिबायोटिक दिलेले असते, आणि त्यानेच पीटी-आयएनआर (पीटीचाच प्रमाणित आकडा) भलताच वाढलेला असतो. यकृताचा आजारही तपासावाच लागतो.

पिशवीत तसे काही नाही, पीटी ठीक आहे आणि एपीटीटी तेवढा लांबला आहे, असे असेल तर रुग्णाच्या प्लाझ्मात तेवढाच निरोगी प्लाझ्मा मिसळून तपासणी पुन्हा करतात. घटक नुसता कमी असेल तर वेळ पूर्ववत होतो. घटकाला मारणारी प्रतिपिंडे (शरीराने स्वतःच्याच घटकाविरुद्ध तयार केलेली प्रथिने) असतील तर तो लांबलेलाच राहतो. यात एक मेख आहे. गोठण घटकांना क्रमांक दिलेले असतात, त्यातल्या आठव्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात, म्हणून हे मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा पाहावे लागते, नाहीतर पहिल्याच निकालावर फसगत होते. हाच नव्याने जडलेला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार: दहा लाखांत वर्षाला साधारण एक-दोन जणांना होणारा, बहुधा वृद्धांना, क्वचित बाळंतिणींना. यात सातव्या घटकाचे सक्रिय रूप देऊन रक्तस्राव थांबवतात, आणि प्रतिपिंडे आटोक्यात आणण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी औषधे सुरू करतात. मात्र डाग दुखतो म्हणून दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नये. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही, पण इथे त्याच जागी स्नायूत रक्त साचते.

उसाच्या फडात घोणस चावते, जिला आपले कन्नड शेजारी कोळकुमंडल म्हणतात, तेव्हा हाच प्रकार काही तासांत घडतो: विष गोठण घटकांना एकदम कामाला लावते आणि ते संपून जातात. तिथे एपीटीटीच्या यंत्रासाठी थांबायचे कारण नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवावे आणि एकदाच कलती करावी. रक्त ओघळले तर सर्पविषरोधक औषध लागणार. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल खोटा येतो. औषध दिल्यावर लगेच चाचणी करून उपयोग नाही, कारण यकृताला नवे घटक तयार करायला वेळ लागतो, म्हणून पुढची नळी सहा तासांनी भरावी.