पान काढण्याआधी

(नाशिकमधल्या लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पर्यावरणपूरक मालाचा लोगो म्हटला की आधी पान येतं, मग दोन ओंजळी, मधे पृथ्वी आणि सगळ्यावर हिरवा रंग. पानाशी माझं वैर नाही. पण सातपूरच्या पिशवीवाल्याचं आणि सिन्नरच्या साबणवालीचं पान सारखंच दिसत असेल, तर गिऱ्हाईक तुम्हाला ओळखणार कसं? म्हणून मी पहिल्यांदा विचारते: लोगो छापायचा कशावर?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर क्राफ्ट पेपर (म्हणजे तपकिरी जाडसर कागद), पुठ्ठा किंवा कापडी पिशवी असेल. हा क्राफ्टचा तुकडा जरा हातात घेऊन बघा. कॉम्प्युटरवर कोवळा पोपटी दिसणारा रंग यावर शेवाळी, मळकट झालाय. ऑफसेट छपाईची शाई बरीचशी पारदर्शक असते, खालचा तपकिरी रंग तिच्यातून वर येतो. खाली पांढऱ्याचा हात मारला तर पोपटी खुलतो, पण मग शाईचा आणखी एक थर आणि त्याचा खर्च. शेजारी तोच लोगो नुसत्या काळ्यात छापलाय. कडा किती स्वच्छ आल्यात पाहा! 1961 साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचा पांडा ठरला, तेव्हा काळ्या-पांढऱ्यात छपाई स्वस्त पडेल हाही विचार होताच. एवढ्या मोठ्या संस्थेला जे पटलं, ते आपल्या बचत गटाला का पटू नये?

हिरव्याबद्दल अजून एक. तुम्ही बेदाणे किंवा नाचणीची बिस्किटं विकत असाल, तर पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतोच, तो शाकाहाराचा. त्याच्याशेजारी तुमचा गोल हिरवा लोगो आला की नजर गोंधळते.

रीसायकलिंगचं तीन बाणांचं चिन्ह तर लोक सहज उचलतात. गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने ते 1970 साली एका स्पर्धेसाठी काढलं. आज ते कुणीही वापरू शकतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. प्लॅस्टिकच्या डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो ना, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. त्या डब्याचं रीसायकलिंग होतंच, असं तो सांगत नाही. आपल्याकडे पर्यावरणपूरक मालासाठी सरकारचं ‘इकोमार्क’ हे चिन्ह 1991 पासून आहे, त्यावर मातीचा घडा आहे. मला ते चिन्ह फार आवडतं: माती, थोडी ऊर्जा आणि मागे घातक कचरा नाही. पण रीतसर परवाना मिळाल्याशिवाय ते मालावर लावता येत नाही. त्याच्यासारखा दिसणारा घडाही काढू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. चित्रातून केलेला दावाही दावाच असतो.

मग काढायचं काय? तुमच्या मालातली एक खरी गोष्ट. पिशवीच्या तळाची घडी, साबणाच्या वडीवर सुरीने पडलेली तिरकी रेघ. असं काही सापडलं की डिझायनरकडून ते एकाच रंगात, वेक्टर फाइलमध्ये (म्हणजे कितीही लहान-मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत अशा फाइलमध्ये) मागा, आणि नखाएवढं छापून बघा. नखाएवढ्यात ओळखू येत नसेल तर रेषा कमी करा. छपाईचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करायला टाकण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तसं चिन्ह आधीच नोंदलेलं नाही ना, हे शोधा. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.