शिआनमध्ये एकच दिवस? मग ह्युएन त्संगला भेटल्याशिवाय निघू नका

नमस्कार मंडळी! चीनची टूर म्हटली की बीजिंग आणि शांघाय ठरलेलंच. मधेच कुठेतरी शिआनला एक दिवस चिकटवलेला असतो. त्या दिवसात मातीचे सैनिक दाखवतात, जेवायला घालतात आणि गाडी थेट विमानतळावर. सैनिक बघायचेच, त्यात वाद नाही. पण मराठी माणसानं शिआनपर्यंत जाऊन तिथला मोठा हंस पॅगोडा न बघता परतावं, हे मला काही पटत नाही. का, ते सांगते. आधी सकाळ उरकू.

[स्क्रीनवर: नकाशा, शहर ते लिंथोंग]

सैनिकांचं म्युझियम शहराच्या पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, लिंथोंग भागात आहे. मेट्रोच्या लाइन ९ नं ह्वाछिंगछी स्टेशन गाठा, पुढे बस किंवा टॅक्सी. स्टेशनबाहेर कुणी "चला, सैनिक दाखवतो" म्हणत मागे लागलं तर लक्षच देऊ नका. नकली पुतळ्यांच्या दुकानात नेऊन सोडतात. तिकीट पासपोर्ट नंबर घालून आधीच काढून ठेवा, आणि दार उघडताना तिथे हजर राहा. दहानंतर टूरच्या झेंड्यांखेरीज काही दिसत नाही.

१९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते आणि खाली हे सैन्य लागलं. चीन पहिल्यांदा एका छत्राखाली आणणारा सम्राट छिन शी ह्वांग, त्याच्या थडग्याचं हे राखणदार सैन्य. सगळे मिळून आठेक हजार असावेत असा अंदाज आहे. बरेचसे अजून मातीतच आहेत. त्यामागे कारण आहे. हे पुतळे मुळात रंगवलेले होते. मातीतून बाहेर काढल्यावर कोरडी हवा लागली की काही मिनिटांत रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून घाई नाही.

सगळे पहिल्या खड्ड्याकडे धावतात. भव्य आहेच तो, २३० मीटर लांब. पण माझं ऐका, दुसऱ्या खड्ड्यात गुडघा टेकून बसलेला तिरंदाज काचेत ठेवलाय, त्याच्यामागे जाऊन उभे राहा आणि त्याच्या बुटाचा तळवा बघा. शिवणीचे टाके आहेत त्यावर! टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. जो पाय जमिनीत पुरला जाणार, त्याच्या तळव्यावर कारागिरानं एवढी मेहनत घेतलीय.

दुपारी एकपर्यंत निघाच. लाइन ९, मग लाइन १, मग लाइन ३, आणि उतरायचं दायान्था स्टेशनला.

[स्क्रीनवर: पॅगोडा, खालून वर]

आता मुद्द्यावर येऊ. हा विटांचा सात मजली, ६४ मीटर उंच मनोरा. मूळचा बांधला इ.स. ६५२ मध्ये, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या ह्युएन त्संगसाठी. हे शहर तेव्हा छांगआन होतं, थांग राजांची राजधानी. परवानगी नसताना हा भिक्खू इथून भारताकडे निघाला, आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. त्या पोथ्या आगीपासून वाचाव्यात म्हणून त्यानं हा मनोरा मागितला. परतल्यापासून जवळजवळ वीस वर्षं नुसतं भाषांतर.

आणि हा माणूस महाराष्ट्रात येऊन गेला होता! तेव्हा इथे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ह्युएन त्संग लिहितो, ही माणसं मानी आहेत. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, बायकांचे कपडे देतात. (यावर मी काही बोलत नाही.) उत्तरेत सगळ्यांना नमवणाऱ्या हर्षाला ही माणसं मात्र नमली नाहीत, हेही तो नोंदवतो. डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन करताना दारापाशी दगडी हत्ती असल्याचं सांगतो. ते अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याखालचे हत्ती आठवतायत ना?

बहुतेक लोक बाहेरच्या चौकात फोटो काढून पुढच्या रोषणाईच्या रस्त्याला लागतात. तुम्ही तिकीट काढून देवळाच्या आवारात जा. मनोऱ्याच्या दक्षिण दाराशी दोन्ही बाजूंना दोन शिलालेख आहेत, ६५३ चे. ह्युएन त्संगच्या भाषांतरांसाठी बादशहानं आणि युवराजानं लिहिलेला मजकूर आहे त्यांवर. वर चढायचं तिकीट वेगळं, जिने अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर वर नाही गेलात तरी चालेल.

संध्याकाळी तटबंदी. दक्षिण दरवाजा, योंगनिंगमन. ही मिंग काळातली, चौदाव्या शतकातली. साधारण १४ किलोमीटरचा घेर आणि वरून एखादा रस्ता जावा एवढी रुंद. वरच सायकल भाड्यानं मिळते. विटांवरून सायकल चांगलीच आदळते, तेव्हा पूर्ण फेरीचा हट्ट नको. गंमत म्हणजे पॅगोडा या भिंतीच्या कितीतरी बाहेर आहे, पण थांग काळात तो शहराच्या आत होता. छांगआन केवढं होतं, ते सायकल मारताना कळतं.

रात्री ढोल मनोऱ्यामागचा मुस्लिम मोहल्ला. इथली खासियत फाओमो. पावासारखी घट्ट रोटी आपणच शेंगदाण्याएवढे तुकडे करून वाडग्यात टाकायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यासकट परत येतो. तुकडे मोठे केलेत तर वाढपी तोंड वाकडं करतो.

शाकाहारी मंडळींनी योपोम्येन मागवावं. रुंद नूडल्स, वर तिखट, आणि त्यावर कडकडीत तेल. चर्र आवाज, आपल्या फोडणीसारखाच. मांस नको म्हणून आधी सांगायचं, "वो छ सू".

जाण्याआधी दोनच कामं. अलीपे अ‍ॅपला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड भारतातच जोडा, तिथे भुट्टेवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो. आणि गूगल मॅप्सवर विसंबू नका, हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.