वाऱ्याला वाट

(सकाळ. अंगणातल्या गाडीवरची ताडपत्री ओढली जाते.)

बॉनेटवर टिचकी मारली की टणकन आवाज येत नाही, बद्द वाजतं. कारण हा पत्रा नाही, फायबर आहे. ही सिपानी डॉल्फिन.

१९८२ पासून ही बंगळूरला बनायची. मूळ गाडी इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची किटन. इंजिन ८४८ सीसीचं, ॲल्युमिनियमचं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचे दिवस फिरले. ‘प्लास्टिकची गाडी’ म्हणून चेष्टा झाली ती वेगळीच. चेष्टा करणाऱ्यांच्या किती गाड्या गंजून भंगारात गेल्या! हिच्या अंगाला गंज ठाऊक नाही. खालची चासी, म्हणजे सांगाडा, लोखंडाची आहे, ती गंजते, ती गोष्ट निराळी.

(पन्हाळ्याचा रस्ता.)

कोल्हापूरच्या या काकांची गाडी वाघबीळच्या चढाला तापायची. रेडिएटर धुऊन झाला, थर्मोस्टॅट बदलला, नवा पंखा बसवला. काटा वरच.

काका म्हणतात, “इंजनाचा दोष न्हाई ओ. वारं आत शिरतंय, भाईर जाईना झालंय.”

त्याचाच माग काढायला हे लोकरीचे दोरे. बॉनेटभर चिकटवलेत, आणि आपण शेजारच्या गाडीतून बघतोय. पुढचे दोरे सपाट पडून मागं पळतायत. काचेजवळचे मात्र गोंधळलेत. काचेच्या पायथ्याशी वारा तुंबतो, दाब वाढतो. तिथं भोक पाडलं तर आतली गरम हवा निघायची राहील आणि बाहेरचीच आत घुसेल. हौशी मंडळी नेमकी तिथेच पाडतात. रुबाबदार दिसतं ना! काकांनी खूण केली ती रेडिएटरच्या लगेच मागं, जिथं बॉनेटवरचा दाब कमी असतो.

(ग्राइंडर. पांढरी धूळ.)

तोंडावरचा मास्क हौसेचा नाही. फायबरमध्ये काचेचे धागे असतात, ही धूळ काचेची आहे.

भोकांवर बसवायच्या झडपांचा साचा प्लायवूडचा. त्यावर मेण घासून घासून लावायचं. कोपरा राहिला तर भाग साच्यातून सुटत नाही. रेझिन म्हणजे कडक होणारा चिकट रस. त्यात आधी कोबाल्ट, म्हणजे कडक होण्याला वेग देणारं रसायन, ते पूर्ण ढवळून मगच हार्डनर, कडक करणारं. हे दोघं थेट एकमेकांना भेटले तर भडका. मग मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचा थर, रेझिन, पुन्हा मॅट. काकांचा हात बघा: ब्रश ओढत नाहीत, ठोकतात. ओढला की मॅट विसकटते. ठोकला की आतले बुडबुडे वर येतात.

बॉनेटमधल्या भोकाची कडा रंग जाऊन फायबर उघडं पडेपर्यंत, उतरती घासलेली. नवा थर जुन्याला तिथं धरतो. वरून लांबीचा (पुट्टीचा) लेप, पॉलिश पेपर, पुन्हा लांबी.

(रेडिएटरच्या बाजूची फट. बोट आत जातं.)

वारा आळशी. जाळीतून जायचं सोडून या फटीतून पळ काढतो. उरलेल्या मॅटच्या पट्ट्या करून काकांनी फटीही बुजवल्या. भोकांइतकंच महत्त्व याला आहे, फक्त हे कुणाला दिसत नाही.

पावसाचं पाणी इंजिनावर पडू नये म्हणून झडपांखाली पन्हळ लावलीय. गाडीत असे बदल करताना आरटीओचे नियम बघावे लागतात.

(पुन्हा तोच चढ. दुपार. काच खाली.)

वाघबीळ मागं पडलं.

(तापमानाचा काटा, अगदी जवळून. मग काकांचा चेहरा. निवेदन नाही, फक्त इंजिन.)